अल्पवयीन आरोपी आणि मोठ्यांचा तुरुंग : न्यायालयांनी काय ठरवले?

अमरावती/अकोला, प्रतिनिधी

मार्च २०२३ च्या अखेरीस नागपूर मध्यवर्ती कारागृहातून चाळिशी ओलांडलेला एक कैदी बाहेर पडला. त्याने २८ वर्षांहून अधिक काळ गजाआड काढला होता, आणि त्यातील २५ वर्षे फाशीच्या छायेत. १९९४ साली पुण्यात एकाच घरातील सात जणांची हत्या झाली. मृतांत एक गर्भवती आणि दोन मुले होती. त्या गुन्ह्यासाठी पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये त्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. पुनर्विलोकन याचिकाही त्याच वर्षी फेटाळण्यात आली. कायद्याच्या भाषेत प्रकरण संपले होते. मात्र २७ मार्च २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले की, गुन्हा घडला तेव्हा हा आरोपी १२ वर्षे ६ महिन्यांचा मुलगा होता.

त्या वयाच्या मुलाला आजचा कायदा जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवू देतो. फाशी तर सोडाच, त्याला तुरुंगात पाठवण्याचीही मुभा नव्हती. न्यायालयाने त्याच्या तात्काळ सुटकेचे आदेश दिले. (त्याचे नाव या लेखात दिलेले नाही. अशा व्यक्तीची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते, आणि ही मनाई वृत्तपत्रांनाही लागू आहे.)

बाल आरोपीला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवायचे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे एखादा भयंकर गुन्हा घडला की चर्चेत येतो आणि महिनाभरात विरतो. चर्चा बहुधा 'मुलगा म्हणून सोडून द्यायचे का' या एका वाक्याभोवती फिरते. निकालपत्रे वाचली तर निराळे चित्र दिसते. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा मोठा वेळ हा प्रश्न तत्त्व म्हणून सोडवण्यापेक्षा खालच्या पातळीवर पहिल्या काही दिवसांत राहून गेलेल्या दोन कागदांच्या दुरुस्तीत गेला आहे. पहिला कागद वयाचा, दुसरा मानसिक मूल्यांकनाचा. हे दोन्ही कागद दिल्लीत तयार होत नाहीत. ते अमरावतीत, अकोल्यात, धारणीत, मूर्तिजापुरात तयार होतात.

वय कोणत्या दिवसाचे?

स्वातंत्र्यापूर्वी या विषयावर प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे होते. मुंबई इलाख्यात १९२४ चा बाल कायदा होता. वऱ्हाड त्या काळी मध्य प्रांताला जोडलेले असल्याने इकडे १९२८ चा मध्य प्रांत बाल कायदा आणि त्याच वर्षीचा बोर्स्टल कायदा झाला. त्या प्रांताची बोर्स्टल संस्था नर्मदेकाठच्या नरसिंहपूरला होती. आज महाराष्ट्राचे किशोर सुधारालय नाशिकला आहे.

कायदे असूनही मुले तुरुंगात राहतच होती. मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांनी देशभरातील कारागृहांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना आपापल्या जिल्ह्यातील तुरुंगांना भेटी देऊन तेथे मुले आहेत काय, हे पाहण्यास सांगितले. त्याच वर्षी संसदेने देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा केला. त्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत 'बाल' मानली गेली. २००० च्या कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २००१ पासून, दोघांसाठीही १८ वर्षे ही एकच मर्यादा आली.

वाद उरला तो दिवसाचा. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे की न्यायालयापुढे हजर केल्याच्या दिवशीचे? सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दुसरा पर्याय स्वीकारला. याचा अर्थ, पोलिसांनी अटक करण्यास सहा महिने लावले तर मुलगा 'मोठा' होणार. फेब्रुवारी २००५ मध्ये प्रतापसिंग विरुद्ध झारखंड या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही चूक दुरुस्त केली आणि गुन्ह्याचा दिवस हाच निर्णायक ठरवला. २००६ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाचा हक्क कायद्यात आला. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. २०१५ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये तो कायम आहे. नागपूरच्या कैद्याला शेवटी हाच दरवाजा उघडा सापडला.

त्याच्या बाबतीत पुरावा कोणता होता? राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेची नोंद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले. शाळेच्या दप्तरातील मुलाचे नाव खटल्यातील नावापेक्षा वेगळे होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत का, हाच खरा वाद झाला. राज्य सरकारने विरोध केला. बारा वर्षांचा मुलगा असे कृत्य करू शकेल काय, ही शंका न्यायाधीशांच्याही मनात आली आणि ती त्यांनी निकालपत्रात लपवली नाही. मात्र अशा तर्काने निर्णय झाकोळता येणार नाही, असे स्पष्ट करून त्यांनी कायद्याने मान्य केलेल्या कागदाला प्रमाण मानले. न्या. अनिरुद्ध बोस यांनी हे निकालपत्र लिहिले. तीन न्यायालयांनी फाशीचा निर्णय देताना जो कागद कोणी मागितला नव्हता, तो पाव शतकानंतर शाळेच्या कपाटातून निघाला.

नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका दरोडा, बलात्कार व हत्येच्या प्रकरणाची कथा याहून अस्वस्थ करणारी आहे. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. २०१२ मध्ये त्यांच्यापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेतला, आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांची निर्दोष मुक्तता करून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. म्हणजे जो मुलगा फाशीच्या शिक्षेपर्यंत पोहोचला होता तो वयानेही तेथे असायला नको होता आणि गुन्हाही त्याच्यावर सिद्ध झालेला नव्हता.

एक जूनचे वाढदिवस

वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या जिल्हा परिषद शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहावे. पानामागून पाने एक जून हीच जन्मतारीख आढळेल. पहिलीच्या प्रवेशाला मूल घेऊन आलेल्या बापाला तारीख आठवत नसे. 'मोठा पूर आला त्या साली', 'पोळ्याच्या आधी' एवढेच तो सांगे आणि गुरुजी सहा वर्षे पूर्ण होतील अशा बेताने एक जून लिहून मोकळे होत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा वाढदिवस आहे. आपण त्यावर हसतो. पण तोच मुलगा पुढे गुन्ह्यात सापडला तर ही तारीख त्याच्या आयुष्याचा निकाल लावते.

कलम ९४ ने पुराव्याची उतरंड ठरवून दिली आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे दहावीचे वा तत्सम प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि हे काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी, ज्यात हाडांच्या क्ष-किरण तपासणीचा समावेश होतो. हाडे वर्ष-दोन वर्षांचा फरक सांगू शकत नाहीत, हे डॉक्टरही मान्य करतात. त्यामुळेच वैद्यकीय तपासणी शेवटच्या पायरीवर आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली नेहमीची 'टीसी', या कलमातील पुरावा होत नाही, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपघात भरपाईच्या एका प्रकरणात, आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हेही स्पष्ट झाले. अटकेच्या वेळी पोलीस ठाण्यात सर्वांत आधी पुढे येतो तो नेमका आधारचाच कागद.

मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. कामासाठी होणारे स्थलांतर, घरी होणारी बाळंतपणे, मध्येच सुटणारी शाळा यांमुळे ज्या मुलाकडे तिन्हींपैकी एकही कागद नाही असा मुलगा तेथे दुर्मीळ नाही. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात कोतवाल बुकात गावातील जन्ममृत्यू नोंदले जात. त्या नोंदी आजही जातपडताळणीसाठी लोक तहसील कार्यालयातून शोधून काढतात. आजोबांच्या जन्माची नोंद ज्या घराला मिळते, त्याच घराला नातवाची मिळत नाही, असा उलटा प्रकार येथे पाहायला मिळतो.

आरोपी अल्पवयीन दिसत असेल किंवा तसा दावा करीत असेल तर त्याच्या वयाची चौकशी होईपर्यंत त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम १० हे निःसंदिग्धपणे सांगते. तरीही आयप्रोबोनो या संस्थेने माहिती अधिकारातून मिळवलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशातील मोठ्यांच्या कारागृहांत ठेवलेल्या किमान ९,६८१ मुलांची नंतर ओळख पटली. हा आकडा ज्या तुरुंगांनी उत्तर दिले त्यांचाच आहे.

दिल्लीच्या घटनेनंतर

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणातील एका आरोपीचे वय १८ पेक्षा काही महिन्यांनी कमी होते. त्याला तीन वर्षांची कमाल शिक्षा झाली. जनक्षोभ मोठा होता, पण न्या. जे. एस. वर्मा समितीने वयोमर्यादा कमी करू नये, असे मत दिले. २०१३ व २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १८ वर्षांची मर्यादा घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. मुंबईत शक्ती मिलच्या प्रकरणांतील दोन अल्पवयीनांना बाल न्याय मंडळाने २०१५ मध्ये दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत धाडले, ते याच जुन्या चौकटीत. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीचा आरोपी सुटला आणि दोन दिवसांत राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

या कायद्याने सरसकट वय कमी केले, असा एक गैरसमज आहे. तसे झालेले नाही. १६ वर्षांखालील मुलाला कोणत्याही गुन्ह्यासाठी मोठ्यांप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागत नाही. १६ ते १८ वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तरच हा प्रश्न उपस्थित होतो. आणि तेव्हाही बाल न्याय मंडळाने आधी प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते. गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता मुलात होती काय, परिणाम समजण्याची कुवत होती काय, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे मंडळ पाहते. मंडळाला खटला मोठ्यांप्रमाणे चालवणे योग्य वाटले तर प्रकरण बाल न्यायालय म्हणून नेमलेल्या सत्र न्यायालयाकडे जाते.

'निर्घृण गुन्हा' म्हणजे काय, यावर पहिली मोठी लढाई झाली, ती एका मोटारीमुळे. दिल्लीत एप्रिल २०१६ मध्ये अठरा पूर्ण होण्यास काही दिवस बाकी असलेल्या मुलाच्या मर्सिडीजखाली एका तरुणाचा मृत्यू झाला. मृताच्या बहिणीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण किमान शिक्षा मात्र कायद्यात दिलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात न्या. दीपक गुप्ता व न्या. अनिरुद्ध बोस यांनी निर्णय दिला की, किमान सात वर्षांची शिक्षा ज्या गुन्ह्याला आहे तोच निर्घृण. मुंबई उच्च न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाच्या एका प्रकरणात याआधीच असा अर्थ लावला होता. २०२१ च्या दुरुस्तीने ही व्याख्या कायद्यात बसली.

याचे परिणाम थोडे चमत्कारिक आहेत, हे मान्य केले पाहिजे. कुऱ्हाडीचे घाव घालून एखाद्याला मरणाच्या दारात नेणारा सतरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या खटल्यातून वाचतो. चाकू उगारून लुटणारा वाचत नाही, कारण घातक शस्त्राने केलेल्या लुटीला किमान सात वर्षे आहेत. ही विसंगती न्यायालयाने निर्माण केली नाही. ती कायद्याच्या शब्दांत होती आणि संसदेने या प्रश्नात लक्ष घालावे, असेही न्यायालयाने सांगितले होते.

पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला आणि महाराष्ट्र पेटून उठला. दोन-तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जून रोजी उच्च न्यायालयाने ही रवानगी बेकायदा ठरवून सुटकेचा आदेश दिला, कारण जामीन रद्द न करता पुन्हा ताब्यात घेण्याची तरतूद कायद्यात नाही. मुलावर मोठ्यांप्रमाणे खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली. या निर्णयाने अनेकांना धक्का बसला. शिल्पा मित्तल निकाल ज्यांनी वाचला होता, त्यांना बसला नसावा. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, पैशाचा व वजनाचा वापर या गोष्टी निराळ्या आहेत आणि त्यांसाठी मोठ्या माणसांवर वेगळे गुन्हे दाखल झाले. लोकांचा संताप बहुतांशी त्या गोष्टींवर होता, पण तो व्यक्त झाला 'मुलाला मोठा ठरवा' या मागणीतून.

मूल्यांकन कोण करणार?

प्राथमिक मूल्यांकन हा कायद्यातील सर्वांत नाजूक आणि सर्वांत कच्चा दुवा आहे. गुन्हा घडल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी समोर बसलेल्या मुलाकडे पाहून 'त्या दिवशी' त्याची समज किती होती, हे सांगायचे आहे. गुरुग्राममधील एका शाळेत २०१७ मध्ये झालेल्या लहान मुलाच्या हत्येच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी याबाबत सविस्तर विवेचन केले. गुन्हा करण्याची क्षमता आणि परिणामांची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्ध्यांक चाचणीचा एक आकडा दोन्हींचे उत्तर देऊ शकत नाही. मंडळातील सदस्यांपैकी कोणी बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे, असे न्यायालय म्हणाले. प्रकरण मंडळाकडे परत गेले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुन्हा तोच निष्कर्ष काढला आणि मोठ्यांप्रमाणे खटल्याचा मार्ग मोकळा केला. कार्यपद्धती पाळली म्हणून आरोपी सुटतोच असे नाही, हे यावरून दिसावे.

कार्यपद्धती न पाळली तर काय होते, याचे उदाहरण तमिळनाडूतील आहे. १६ ते १८ वयोगटातील आरोपीवर एका बालिकेवरील अत्याचार व खुनाचा आरोप होता. तपास यंत्रणेने दोषारोपपत्र बाल न्याय मंडळाकडे न देता थेट सत्र न्यायालयात दिले. प्राथमिक मूल्यांकन झाले नाही, बाल न्यायालयाने करावयाची चौकशीही झाली नाही. खटला चालला आणि शिक्षा झाली. २२ मार्च २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने ही सारी प्रक्रिया मुळापासून बेकायदा ठरवली. आरोपी तोपर्यंत तेवीस वर्षांचा झाला होता, त्याला पुन्हा मंडळापुढे पाठवण्यात अर्थ उरला नव्हता. त्याची सुटका झाली. न्या. गवई हे मूळचे अमरावतीचे. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले, एवढ्यासाठीच हा निकाल आपल्याकडे थोडाबहुत वाचला गेला. वाचायला हवा होता तो निराळ्या कारणासाठी. त्या बालिकेच्या आईवडिलांच्या पदरी काहीच पडले नाही, आणि त्याला कारण मुलाबद्दलची दया नव्हती, तर एका टप्प्यावर न केलेले काम होते.

बाल न्यायालयाने कलम १९ नुसार पुन्हा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो, ती निव्वळ औपचारिकता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्येच मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सांगितले होते. मूल्यांकनासाठीची तीन महिन्यांची मुदत मात्र बंधनकारक नाही, असा निर्णय मे २०२४ मध्ये कर्नाटकातील प्रकरणात आला. तज्ज्ञ वेळेवर मिळत नाहीत, हे वास्तव न्यायालयाने मान्य केल्यासारखे झाले. मंडळाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. त्यानंतर वऱ्हाडातील प्रकरणे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. अकोल्याच्या एखाद्या मजूर बापाला अडीचशे किलोमीटरवरच्या नागपुरात वकील शोधणे ही स्वतःच एक शिक्षा असते.

एकविसाव्या वर्षीचा निर्णय

खटला मोठ्यांप्रमाणे चालला आणि दोष सिद्ध झाला, तरी मुलगा लगेच अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा अकोल्याच्या जिल्हा कारागृहात जात नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला 'सुरक्षित ठिकाणी' ठेवावे लागते. तेथे शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशन यांची व्यवस्था असावी आणि परिविक्षा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दरवर्षी प्रगती अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. २१ व्या वर्षी बाल न्यायालय पाहते की मुलगा सुधारला काय आणि समाजात काही करू शकेल काय. सुधारला असेल तर देखरेखीच्या अटींवर सुटका. नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देण्यास कलम २१ पूर्ण बंदी घालते.

अमेरिकेत केन्ट प्रकरणात १९६६ मध्येच तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलाचे प्रकरण मोठ्यांच्या न्यायालयाकडे वर्ग करण्यापूर्वी सुनावणी आणि लेखी कारणे आवश्यक ठरवली होती. अल्पवयीनांची फाशी मात्र तेथे २००५ पर्यंत चालू राहिली. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क कराराला मान्यता दिली. त्यातही अटकेतील मुले मोठ्यांपासून वेगळी ठेवावीत, असे बंधन आहे.

कायद्यातील २१ व्या वर्षीची ही फेरतपासणी कागदावर उत्तम आहे. पण ती ज्या वार्षिक अहवालांवर उभी आहे ते लिहिणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यावर निरीक्षणगृहाच्या फेऱ्या, मंडळाच्या तारखा आणि गावोगावचे गृहचौकशी अहवाल यांचा भार असतो. सुधारणा झाली की नाही, हे तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून ठरायचे आहे. नोंदी चार ओळींच्या असतील तर न्यायालय निर्णय तरी कशावर देणार?

पालकांनी काय करावे?

मुलगा ताब्यात घेतल्यावर शाळेच्या जन्मतारखेच्या नोंदीचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, हे दोन्ही पहिल्याच दिवशी मिळवून मंडळापुढे ठेवावेत. पोलीस ठाण्यात वय जास्त लिहिले गेले असेल तर ते तेथेच, लेखी स्वरूपात नाकारावे. मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करणे आणि त्याच्यासाठी साध्या वेशातील बाल कल्याण पोलीस अधिकारी असणे बंधनकारक आहे. त्याला बेडी घालता येत नाही. तज्ज्ञाशिवाय मूल्यांकन झाले असेल तर अपिलाचे तीस दिवस मोजायला लगेच सुरुवात करावी. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अमरावती आणि अकोला येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

आणि ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा नातेवाईक आज शिक्षा भोगत आहे आणि गुन्ह्याच्या दिवशी तो अठराच्या आत होता, त्यांच्यासाठी मुदत संपलेली नाही. अपील फेटाळले गेले असले तरी कलम ९ खालील अर्ज करता येतो. चौकशी होईपर्यंत संरक्षणात्मक ताब्याची गरज भासल्यास त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवता येते.